पांढरीचं बाकडं

आधीच सांगून ठेवतो, ते काम माझं नव्हतं.

गावात काय बी उलटंपालटं झालं की लोकं पयलं माझ्या दाराकडं बघतेत, आन त्यात त्यांची चूक न्हाय. रेवणप्पाच्या उसात बिबट्याचे ठसे उठवले ते म्याच, ह्या मुठीनं आन बोटाच्या पेरांनी. जंगलखात्यानं पिंजरा लावला, आत शेळी बांधली, आन सकाळी पिंजऱ्यात रेवणप्पाचंच कुत्रं घावलं. शेळीला टेकून झोपलं व्हतं. असली कामं आपली. पर त्या दिवशी सकाळी बाकडं न्यायला टेम्पो घिऊन प्रेमानंद सुताराच्या शेडवर गेलो, ताडपत्री काखंत मारून आत पाय टाकला, आन जागीच थबकलो.

बाकड्यावर हळदकुंकू व्हतं.

बोटभर न्हाय. मधल्या उंचवट्यावर मळवट भरल्यागत फासलं व्हतं. वर झेंडूचं फूल. पुढं नारळ फोडलेला, त्याचं पाणी खालच्या थरापर्यंत वघळलेलं. उदबत्ती आजून जळत व्हती, आन ती खोचली कुठं, तर प्रेमानंदच्या रंध्याच्या फटीत.

प्रेमानंद भुश्यात उकिडवा बसला व्हता. सुताराचा हात कवा रिकामा नसतोय, त्याचे दोन्ही हात गुडघ्यावर नुस्ते पडले व्हते. त्याची बायको रोहिणी दारात उभी. तिनं माझ्याकडं बघितलं, ते डोळे म्या विसरणार न्हाय.

"भागवतभाऊ, हे तुमचंच ना?"

"आईशप्पत न्हाय."

"आईची शप्पत तुमी बिबट्याला बी घेतलती."

"आगं पर तवा हसत हसत घेतलती. आता माझं तोंड बघ की."

तिनं तोंड बघितलं. मग प्रेमानंदकडं बघून म्हणली, "न्हाय, ह्यांचं न्हाय. हे घाबरलेत."

व्हय, घाबरलो व्हतो. का ते सांगतो.

आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं. गावाच्या उगवतीला एक टेकाड हाय. हाय कसलं, व्हतं. जुनं गाव कवातरी मोडलं, त्याच्यावर दुसरं बसलं, ते बी मोडलं, आन सगळ्या घरांची माती व्हऊन ते टेकाड झालं. त्याला आमी पांढर म्हणतो. पावसाळ्यात तिथं खापरं निघतेत, मणी निघतेत, हातभर लांबीच्या विटा निघतेत. रस्त्याच्या भरावाला माती लागली तवा निम्मी पांढर डंपरनं उचलून नेली. उरली ती उभी कापल्यागत. कापल्यावर तिच्या पोटातले पट्टे उघडे पडले. पांढरी माती, मग काळी राख, मग तांबड्या विटांचा चुरा, परत पांढरी माती.

गावानं त्या दरडीकडं बघून चुकचुक केलं आन सोडून दिलं. प्रेमानंद मात्र रोज सांजच्याला जाऊन तिथं बसायचा. हे बेणं पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात व्हतं. भुश्याच्या फळ्यांला दिवसभर स्क्रू पिळायचा. करोनात परत आलं ते गेलंच न्हाय. म्या त्याला म्हणायचो, "प्रेम्या, दरडीत काय पोरगी बसलीय का?" तो म्हणायचा, "दादा, ह्याच्यात बाकडं हाय."

आन त्यानं काढलं की त्यातनं. आंब्याच्या फिक्कट लाकडाचा थर, त्याच्यावर चिंचंचा काळा गाभा, त्याच्यावर बाभळीचा तांबडा, परत आंबा. थरावर थर सरसानं जोडले आन वरनं रंध्यानं असं घोटलं की डंपर यायच्या आधीची पांढर जशी दिसायची तशी पाठ आली. मधी उंच, दोन्ही अंगानं उतरती. पाच माणसं ऐसपैस बसतेल. हात फिरवला की वाटतं, निजलेल्या म्हशीची पाठ हाय.

सोलापूरला एक नवं वस्तुसंग्रहालय उघडायलं व्हतं, असल्याच जुन्या खापरा-विटांचं. तिथल्या देवश्रीमॅडमनं ह्या बाकड्याचा फोटो बघितला आन म्हणल्या, हेच पायजे, दारातच ठिवू, लोकांनी बसावं, हात फिरवावा. पसंत पडलं तर आतली सगळी बाकडी, मेजं प्रेमानंदकडनंच. पर उद्या उद्घाटन. आज दुपारच्या आत बाकडं न्हाय पोचलं तर तिथं लोखंडी खुर्च्या. आन प्रेमानंदनं रोहिणीला सांगून टाकलं व्हतं, हे गेलं न्हाय तर शेड बंद, परत पुणं, परत स्क्रू. तो बोलतो कमी, पर बोलला की तसंच करतो. त्याचीच तर भीती.

प्रेमानंदनं चिंधी उचलली. "पुसून टाकतो. जवसाचं तेल आजून पुरतं मुरलं न्हाय, उशीर झाला तर डाग आत जाईल."

"हात लावू नगस!"

दारात सखूमाय. हातात ताट, ताटात पुरणाच्या पोळ्या. सत्तरी उलटलेली बाई, कंबरंत वाकलेली, पर आवाज असा की गल्लीतलं कुत्रं बी शेपूट घालतंय. गावात हिला कुणी उलटून बोलत न्हाय. निम्म्या गावाच्या बाळंतपणाला हीच व्हती. माझ्या बी.

"सखूमाय," म्या म्हणलं, "हे तू केलंस?"

"मग कोण करंल? तू? तुला तर देवळातल्या घंटीला बी हात लावू देऊ ने." ताट तिनं बाकड्यापुढं ठिवलं आन प्रेमानंदकडं वळली. "काल म्या तुला काय इचारलं? फटीतली पांढरी कसली रे? तू काय म्हणलास?"

प्रेमानंदचं तोंड पडलं.

तिथंच त्याचं चुकलं व्हतं. लाकडाच्या जोडात बारीक फटी ऱ्हातेत, त्यात सुतार भुसा आन सरस कालवून भरतेत. ह्यानं भुश्याच्या जागी पांढरीची माती भरली. रंग जुळतो म्हणून. बरं भरली ती भरली, सखूमायला कवतिकानं सांगितलं बी.

"तू म्हणलास, पांढरीचीच हाय, माय." सखूमायचा आवाज जरा बसला. "माझा तांदळा त्या डंपरमधी गेला रे. जल्मभर ज्या दगडाला शेंदूर लावला त्यो कुठल्या रस्त्याखाली गेला, मला म्हाईत न्हाय. दर मंगळवारी तेलाची वाटी घिऊन म्या त्या खड्ड्यापाशी जाती आन तशीच माघारी येती. काल हे बघितलं. तिचीच पाठ. तिचीच माती. पांढरीआई कुठं गेली नव्हती, हितं येऊन बसलीय."

आता ह्याच्यावर काय बोलायचं, सांगा. म्या भल्याभल्यांला टोप्या घातल्या, पर डोळ्यात पाणी आणून बोलणाऱ्या ह्या बाईला न्हाय.

तेवढ्यात बाया यायला लागल्या. पयल्या दोघी, मग चौघी, मग सगळी गल्ली. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात निवद. पाठोपाठ गडी. शेडच्या तोंडाला चपलांचा ढीग. रोहिणी माझ्या कानाशी येऊन म्हणली, "भाऊ, काय तरी करा." माझ्या खिशात फोन वाजला. देवश्रीमॅडम.

"भागवतराव, निघालात ना?"

"निघालो की. हे काय, तुळजापूर लागलंच."

"मागे आरतीचा आवाज येतोय?"

"तुळजापूर हाय ना मॅडम. हितं ट्रॅफिक पोलीस बी आरती म्हणतेत."

फोन ठिवला. आरती खरंच चालू झाली व्हती, आन म्हणत व्हता दिग्विजय.

दिग्विजय म्हंजी आमच्या गावातला उगवता पुढारी. पांढरे कपडे, काळा चष्मा, दर वाढदिवसाला चौकात स्वतःचंच बॅनर. एका हातानं टाळी, दुसऱ्या हातात मोबाईल वर धरलेला, आन मोबाईलकडं बघून सांगायला, "मित्रहो, आपल्या गावात पांढरीमाता स्वयंभू प्रकट झालेली हाय. दर्शनाला या. शेअर करा."

"स्वयंभू कसली?" प्रेमानंद मधीच बोलला. "माझ्या हाताला फोडं आलेत."

दिग्विजयनं मोबाईल खाली घेतला. "तेच म्हणतो मी. तुझ्या हातून घडलं, मोठं भाग्य. आता मांडव टाकू, मग हळूहळू सभामंडप."

"ते सोलापूरला चाललंय."

"ते कुठं बी चाललं न्हाय," मागनं एक जण वरडला, आन चार जणांनी व्हय व्हय केलं.

बेंबळीकडनं दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. पोरं उतरली, नारळ घिऊन. मोबाईल बघून आली व्हती. तासाभरात चार गावं जमतेल, आन मग बाकडं सोडा, शेडची एक फळी बी हलवता यायची न्हाय.

प्रेमानंदचा बाप कोंडिबातात्या काठी टेकत आले. गर्दीनं वाट दिली, पर थोडीच. तात्यांनी बाकड्याकडं बघितलं, कुंकवाकडं बघितलं, आन म्हणले, "पुसा ते. आमच्या दारात देव नको. आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं."

"तात्या, गावाच्या श्रद्धेचा प्रश्न हाय," दिग्विजय म्हणला.

"आन माझ्या दाराचा न्हाय का?"

तात्या माझ्याजवळ आले, काठीवर दोन्ही हात ठिवून हळू बोलले. "भागवता, मला देवाचं भ्या न्हाय. आज ह्या बाया पाया पडायल्यात. उद्या म्हणतेल, प्रेमानंद, तू लांबनं बघ, हात लावू नको. माझ्या पोराच्या हातचं, आन माझ्या पोरालाच लांबनं. तू बघशील."

म्या म्हणणार व्हतो, काय तरीच काय तात्या, आता काय ते दिवस ऱ्हायलेत का. तोंड उघडलं बी. तेवढ्यात दिग्विजयचा आवाज आला, गोड, साखर घातलेला.

"प्रेमानंद, एक काम कर. गर्दी लई व्हायलीय. तू आन तात्या जरा शेडच्या भाईर थांबा. लोकांना दर्शन घेऊ द्या."

माझं उघडलेलं तोंड तसंच ऱ्हायलं.

शेड त्याचं. लाकूड त्याचं. भुसा बी त्याच्याच घामाचा. आन त्याला भाईर थांब. प्रेमानंद उठला. त्यानं रंधा उचलला, उदबत्ती काढून बाजूला ठिवली, आन रंधा हातात धरून तसाच उभा ऱ्हायला. बोटं पांढरी पडली व्हती. मला तो रंधा दिसत व्हता, त्याचं पातं दिसत व्हतं, आन दिग्विजयच्या मागं उभी चार पोरं दिसत व्हती. अशा वक्ताला एक शिवी पडली तरी पुरती. मग पोलीस, मग केस, मग कसलं सोलापूर आन कसलं काय.

म्या मधी घुसलो. "दे हिकडं तो रंधा. माझी दाढी ऱ्हायलीय." हातातनं काढून घेतला. कुणी तरी फिसकन हसलं. तेवढीच फट पडली, पर पडली.

आता फट पडली तर पुढं काय? डोस्कं गरागरा फिरायलं. मोहोळ उठलं म्हणून वरडावं? गर्दी पळंल, तोवर बाकडं टेम्पोत. ते मला जमलं असतं, गंमत बी आली असती. पर बाकडं पळवून नेलं तर बाकडं सुटलं, प्रेमानंदला तर ह्याच गावात ऱ्हायचंय. चोरानं न्यावं तसं नेलं की जल्माचं नाव पडणार. बाकडं गेलं पायजे, आन वाजतगाजत गेलं पायजे. आन पाठवणारी सखूमायच पायजे. ती नको म्हणली तर ब्रह्मदेवाचा बाप बी हलवणार न्हाय.

म्या तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसलो. "सखूमाय, जाऊ दे की ह्याला. प्रेम्याच्या पोटाचा प्रश्न हाय."

"मला काय त्याचं वाईट करायचंय का? पर पांढरीची माती शिवंच्या भाईर जात न्हाय. तसं असतंय ते. मी काय करू?"

"जात न्हाय कशी?" रोहिणी मागनं बोलली. बोलली कसली, फुटली. "माझ्या माहेरची माती माझ्याबरूबर आली की. मुरूमहून निघताना माझ्या आईनं पदराला बांधली. आजून हाय, पत्र्याच्या पेटीत. तुमच्या गावच्या पोरी काय मोकळ्या पदरानं जातेत का?"

सखूमायनं आपल्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"आमच्या गावच्या पोरींला म्याच बांधती," ती हळू म्हणली. "चिमूटभर पांढर. आजवर एक पोरगी तशीच गेली न्हाय."

"माझ्या बहिणीला बी बांधली," कोंडिबातात्या म्हणले. "लांबनं टाकली वटीत. पर टाकली."

सखूमायनं मान खाली घातली. ते 'लांबनं' तिला लागलं का न्हाय ते देव जाणे, पर ती खाली बघत ऱ्हायली आन म्या मातुर टुणकन उठलो. काय करायचं ते आता मला दिसलं व्हतं. जमंल का न्हाय ते दिसत नव्हतं.

म्या डोस्क्यावरची टोपी काढली, बाकड्याच्या एका टोकाला गळ्यात पडावं तसं मिठी मारली आन हंबरडा फोडला. "लेकी गं! चाललीस गं आमाला सोडून!"

दोन बाया दचकून मागं सरल्या.

"ह्याला काय झालं?" एक म्हातारी म्हणली.

"आगं लेक निघाली सासरला! सोलापूरला दिली तिला! आन तुमी निवद काय दाखवतायसा? सासरला निघालेल्या पोरीपुढं कुणी नारळ फोडतंय का? वटी भरा तिची! खण आणा, तांदूळ आणा! वऱ्हाडाचा टेम्पो दारात उभा हाय आन मुहूर्त टळायलाय!"

हसली गर्दी. पर हसता हसता बाया एकमेकीकडं बघायल्या. बायांचं एक असतंय, देवापुढं त्या उभ्या ऱ्हातेत, पर पाठवणी म्हणलं की त्यांच्या हाताला काम लागतंय. एक जण खरंच पदर डोळ्याला लावायली. तिची पोरगी मागल्याच म्हैन्यात सासरला गेलती.

"भागवतदादा, चेष्टा बंद करा," दिग्विजय पुढं आला. मोबाईल चालूच. "देवीची चेष्टा—"

"तू कुणाकडचा?" म्या इचारलं.

"म्हंजी?"

"मुलीकडचा का मुलाकडचा? मुलीचा बाप हा उभा हाय. ह्यानं घडवली, ह्यानं न्हाऊमाखू घातलं, जवसाचं तेल ह्यानं चोळलं. आन तू बापाला म्हणतोस मांडवाच्या भाईर थांब? आरं, कुठल्या लग्नात बघितलंस असं? मोबाईल चालू हाय ना तुझा? इचार की सगळ्यांला, बघू दे दुनियेला."

दिग्विजयचा हात खाली गेला. तोंड तांबडं झालं. त्याच्या मागचं एक पोरगं हसायला लागलं, त्याला त्यानं कोपर मारलं. पर आजून काय बी झालेलं नव्हतं. सगळी गर्दी सखूमायकडं बघायली, आन सखूमाय बाकड्याकडं. ती एकदा नको म्हणली असती की माझं नाटक तिथंच सपलं असतं, आन उद्यापास्नं गावात तोंड दाखवायची चोरी.

तिनं प्रेमानंदला जवळ बोलावलं.

"सासर कसलं हाय?"

चेष्टा नव्हती ती. खरंच इचारत व्हती. म्या प्रेमानंदला डोळ्यानं खुणावलं, सांग लेका, चांगलं सांग, काचंच्या पेटीत ठिवणारेत म्हण, रोज दिवा लावणारेत म्हण. पर ह्या माणसाला खोटं बोलायचं शिकवलंय कुणी?

"काचंत न्हाय ठिवणार, माय," तो म्हणला. "दारात ठिवणार. लोकं बसतेल तिच्यावर. लेकरं बसतेल, उड्या मारतेल. त्याच्यासाठीच केलंय म्या."

मेलो, म्या मनात म्हणलं.

"बसतेल?" सखूमाय म्हणली.

"व्हय. दमलेली माणसं बसतेल."

मागनं कुजबुज उठली. कुणी म्हणलं, बघा बघा, देवीवर बसणार म्हणतोय. दिग्विजयनं मान वर केली. रोहिणीनं माझा दंड धरला, नखं रुतली. सखूमायनं बाकड्यावरनं हात फिरवला, उतरत्या अंगानं खाली, परत वर. लई हळू. मला वाटलं, ही आता रडती.

"आमी काय उभ्या उभ्या जगलो का तिच्यावर?" ती एकदम कुजबुजणाऱ्यावर खेकसली. "शेरडं राखताना मी त्याच टेकाडावर बसून भाकर खाल्ली. तुमची घरं कशावर हायत? चुली कशावर मांडल्या? तुझी पोरं रोज सकाळी कुठं बसत व्हती, सांगू का? तिला ओझं झालं न्हाय कवा, आन तुमच्या पोटात दुखायलं!" मग प्रेमानंदला म्हणली, "उचल. पाठराखीण म्या येणार. नव्या सासरला पोरगी एकटी जात नसती."

म्या टोपी परत डोस्क्यावर घातली. पर बोलणं संपलं नव्हतं. कोंडिबातात्या काठी आपटून म्हणले, "आमी पाया पडणार न्हाय."

"लेकीच्या पाया कोण पडतंय तात्या? पाठीवरनं हात फिरवा निस्ता," म्या म्हणलं.

तात्या पुढं झाले. कुंकवाला टाळून, काळ्या चिंचंच्या थरावर त्यांनी तळवा ठिवला. त्यांनी हे बाकडं आजवर हात लावून बघितलंच नव्हतं, ते तवा कळलं. हात तिथंच ऱ्हायला. "गुळगुळीत केलंयस रं," ते पोराला म्हणले. प्रेमानंद दुसरीकडं बघायला लागला.

उचललं ते पुढनं बापलेकानं. मागनं म्या आन गावातली चार पोरं. बायांनी वटी भरली, रोहिणीनं ताडपत्री बांधली. आन सखूमाय कुठं बसणार? पुढं तिघंच मावतेत, आन कुणी काय म्हणायच्या आत ती मागं चढली बी व्हती. जागा एकच व्हती. बसली बाकड्यावर, दोन पाय वर घिऊन, पानाची चंची काढून.

टेम्पो निघाला तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आरशात बघतो तर दिग्विजय मोटारसायकलवर मागं. जवळ जवळ यायलेला. वढ्यापाशी गावाची शीव, तिथं पोचलो आन मागनं सखूमायनं पत्र्यावर धाडधाड हाणलं. "थांबव! थांबव!"

म्या ब्रेक मारला. शिवंवरच थांबवलं म्हणल्यावर संपलं. उतरलो, मागं गेलो.

"हळू चालव की मुडद्या. लेक हादरायलीय."

तवर दिग्विजय पोचला. उतरला, काळा चष्मा काढला, माझ्याकडं न बघता खिशातनं हिरवा खण काढला. "आईनं दिलाय. वटीत ऱ्हायला व्हता." खण सखूमायच्या हातात दिला आन गाडी वळवून गेला. तेवढं पाच मिंटाचं काम, पर त्या पाच मिंटात माझं वय वाढलं.

सोलापुरात पोचलो तवा दुपार कलली व्हती. संग्रहालयाच्या दारात माणसं खोक्यातनं लोखंडी खुर्च्या काढायलीच व्हती. देवश्रीमॅडम पळत आल्या. ताडपत्री काढली आन त्या दोन पावलं मागं सरल्या. बाकडं, बाकड्यावर कुंकू, कुंकवाशेजारी तंबाखू मळत बसलेली सखूमाय.

"ह्या कोण?"

"पाठराखीण," म्या म्हणलं.

बाकडं दारात ठिवलं. मॅडमनं थरांवरनं बोट फिरवलं, आंबा, चिंच, बाभूळ, आन मग कुंकवापाशी थांबल्या. "प्रेमानंद, काम फार सुंदर आहे. पण हे असं दिसलं तर लोक बसणार नाहीत हो. नमस्कार करून पुढे जातील." प्रेमानंदच्या हातात पॉलिश पेपर व्हता. पर त्यानं सखूमायकडं बघितलं आन हात काय पुढं जाईना.

त्यातली खुर्च्या उचलणारी एक बाई तवर जवळ आली. दमलेली, कपाळाला घाम. बाकडं बघून तिनं चपला काढल्या, हात जोडले.

झालं, हितं बी झालं.

"आगं पाया काय पडतीस?" सखूमाय म्हणली. "बस की. सकाळपास्नं उभी दिसतीस." आन पदराला थुंकी लावून, लेकराचं तोंड पुसावं तसं तिनं ते कुंकू पुसलं. पुरतं न्हाय गेलं. तांबूस झाक ऱ्हायली, बाभळीच्या रंगात मिसळून गेली. ती बाई बसली. टेकली, पाय लांब केले, आन नाकातनं असा श्वास सोडला की प्रेमानंद तोंड फिरवून पॉलिश पेपरची घडी घालायला लागला.

लोखंडी खुर्च्या परत खोक्यात गेल्या. मॅडम म्हणल्या, आतल्या बाकड्यांचं सोमवारी बोलू.

निघताना सखूमायनं मॅडमचे दोन्ही हात धरले. "पोरगी तुमच्या पदरात घातलीय. वलं फडकं फिरवू नगा, लाकूड फुगतंय म्हणतेत. आन पयला दिवाळसण माहेरी असतोय. धाडायची बरं का."

"हो आजी, नक्की," मॅडम हसून म्हणल्या.

प्रेमानंदनं माझ्याकडं बघितलं. म्या रोहिणीकडं.

तुळजापूर ओलांडलं तवा फोन वाजला. दिग्विजयनं गावाच्या ग्रुपवर टाकलं व्हतं. पांढरीमाता दिवाळीला माहेरी येणार, सगळ्यांनी शिवंवर हजर ऱ्हावं, वाहनव्यवस्था भागवतदादा. खाली हात जोडलेली चित्रं, मोजवत नव्हती. सखूमायनं आदल्या आठवड्यात नातीकडनं मोबाईल वापरायचं शिकून घेतलं व्हतं, तिनंच मागं बसून गावाला फोन करून कळवलं असणार, कारण तेवढ्यात पत्र्यावर धाडधाड सुरू झालं. "भागवता! दिवाळीला तिला आणताना फटाकडे बी आण रं!"

प्रेमानंद हसायला लागला. सकाळपास्नं पयल्यांदा. पोट धरून हसला, डोळे पुसले, परत हसला. रोहिणी बी.

"हसू नगा लेकांनो," म्या म्हणलं. "संग्रहालयातलं सामान काय दिवाळीला सोडतेत का? त्या मॅडम म्हणल्या, हो आजी. त्यांला वाटलं म्हातारी गंमत करायली."

"मग सांगा की मॅडमला," रोहिणी म्हणली.

"काय सांगू?"

म्या गेर टाकला. पुढं चढ व्हता. गंमत करायची तर म्या करतो, त्याचं म्हाईत हाय सगळ्यांला. पर सखूमायनं उभ्या जल्मात कवा गंमत केलेली न्हाय, आन दिवाळी काय लांब न्हाय.